हलव्याचे दागिने घेऊन प्रदर्शनात बसण्यापूर्वी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की ओळखीतल्या कोणी ना कोणी मला विचारतेच, "यंदा हलव्याचे दागिने करून एखाद्या प्रदर्शनात टेबल घ्यावे म्हणते, जमेल का?" विचारणाऱ्या बहुतेकींच्या हातात कला असते. कोणी रुखवताची कामे केलेली असतात, कोणी मोत्यांचे दागिने करतात, कोणी लहानपणी घरी हलवा होताना पाहिलेला असतो. त्यांना जे मी फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगते, ते येथे सलग लिहीत आहे. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला आणि बाळाला बोरन्हाणाला हे दागिने का घालतात, संचात बिंदीपासून कंबरपट्ट्यापर्यंत काय काय असते, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. माझा भर एकाच गोष्टीवर राहणार आहे आणि ती गोष्ट म्हणजे ओल. कलाकुसर, किंमत, गिऱ्हाइकांशी बोलणे हे सगळे करता करता येते. ओलीचे गणित चुकले तर मात्र महिनाभराचे काम एका रात्रीत जाते, आणि पहिल्याच हंगामात हे झाले की माणूस पुन्हा या वाटेला जात नाही.

माझे बालपण पुण्याला सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेले. पौषातल्या थंडीत आजी पहाटे शेगडी पेटवून निखाऱ्यांवर राखेचा थर पसरायची, वर पितळी परात ठेवायची आणि परातीत मूठभर तीळ टाकायची. शेजारच्या पातेल्यात मळी काढून स्वच्छ केलेला साखरेचा पाक असे. त्यातला एक चमचा पाक तिळांवर घालायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ फिरवत राहायचे, सुकला की पुढचा चमचा. पाक घातल्याबरोबर तीळ एकमेकांना चिकटत आणि परातीतून काहीच आवाज येत नसे. मग हळूहळू ते सुटे होत, आधी वाळूसारखी सळसळ ऐकू येई आणि शेवटी दाणे पितळेवर स्पष्ट खडखडू लागत. आजी पाक पुन्हा केव्हा घालायचा हे त्या आवाजावरून ठरवायची, डोळ्यांनी नाही. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढुरका आणि गुळगुळीत दिसायचा, दुसऱ्या दिवशी खरखरीत लागायचा आणि तिसऱ्या दिवशी त्याला काटा फुटायचा. नथीसाठी आणि बिंदीसाठी खसखशीचा बारीक हलवा, हारासाठी तिळाचा, पदकासाठी साबुदाण्याचा, अशी तिची वाटणी होती. आम्हा मुलांना परातीजवळ बसायची परवानगी असे, पण ओल्या हाताने दाण्याला शिवलेले तिला खपत नसे. ओल्या बोटाचा ठसा जेथे पडे तेथला काटा बसून जाई आणि तो दाणा ती बाजूला काढून आम्हाला खायला देई. त्या लोभाने आम्ही हात ओले करून येत होतो, हेही तिला ठाऊक असणार.

हे सारे मी सांगते, कारण या कामाला लागणाऱ्या पुष्कळ जणींजवळ अशाच आठवणी असतात आणि त्यांना वाटते की आपल्याला निम्मे काम येतेच. ते खरेही आहे. हात विसरत नाहीत. पण त्या आठवणीत एक गोष्ट धरलेली नसते. आजीच्या हातांइतकाच पुण्याच्या कोरड्या थंडीचा त्या हलव्यात वाटा होता. लग्नानंतर मी ठाण्याला आले, तीच परात, तेच प्रमाण, तोच वेळ घेऊन बसले, आणि दाणे दुपारपर्यंत खडखडत राहून संध्याकाळी पुन्हा मुके होऊ लागले. खाडीकाठच्या हवेत ओल असते, डिसेंबर-जानेवारीतही असते. घरात पंखा, बंद खिडक्या, घट्ट झाकणाचे डबे अशी तजवीज करता येते. प्रदर्शनात यांतले काहीच तुमच्या हाती नसते.

आता मुख्य सापळा सविस्तर सांगते. ज्यांना हे माहीत आहे त्यांनीही वाचावे, कारण मलाही हे माहीत होते आणि तरीही मी त्यात सापडले.

मोकळ्या मैदानावरच्या प्रदर्शनात तीन-चार दिवसांचा स्टॉल असला की आयोजक सांगतात, रात्री पहारा आहे, माल जागेवरच ठेवा, वरून ताडपत्री ओढून घ्या. कपड्यांच्या, पिशव्यांच्या, लाकडी खेळण्यांच्या दुकानांना हे सोयीचे असते. आपल्या मालाला ही व्यवस्था घातक आहे. दिवसा हवा कोरडी वाटते, पण तेवढीच वाफ धरून असलेली हवा रात्री थंड झाली की तिची आर्द्रता वाढत जाते आणि पहाटे दव पडते. साखरेचा स्वभाव असा की हवेतली आर्द्रता साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे गेली की ती हवेतले पाणी स्वतःकडे ओढून विरघळायला लागते. दव पडते तेव्हा मैदानावर आर्द्रता याहून पुष्कळ वर असते. ताडपत्रीने पावसाचे पाणी अडते, दमट हवा अडत नाही. उलट जमिनीतून येणारी ओल तिच्याखाली कोंडून राहते.

सकाळी ताडपत्री काढल्यावर पहिल्या नजरेला काहीच बिघडलेले दिसत नाही. दागिने जागेवर असतात, पांढरे असतात. जवळ जाऊन पाहिले की दाण्यांवर एक चकाकी दिसते आणि हीच चकाकी वाईट बातमी असते. काटेरी दाणा निस्तेज, बर्फाच्या चुऱ्यासारखा पांढरा दिसायला हवा. तो चमकतो तेव्हा काट्याची टोके विरघळून बसलेली असतात. ऊन आल्यावर दाणे पुन्हा वाळतात, पण काटा परत उभा राहत नाही. दाणे एकमेकांना आणि खालच्या कापडाला चिकटून वाळतात आणि उचलताना तुटतात. काळ्या कापडाचा रंग ओल्या साखरेत उतरून हाराची किनार करडी होते. पितळेच्या तारेवर हिरवट डाग येतात. माझ्या पहिल्या मोठ्या प्रदर्शनात दुसऱ्या दिवशी सकाळी असे झाले, आणि नव्या सुनेसाठी संच ठरवून गेलेल्या एका काकू मुलाला घेऊन तो न्यायला आल्या तेव्हा त्यांच्यापुढे काय ठेवावे हे मला कळत नव्हते. त्यांनी एक शब्दही वावगा उच्चारला नाही. हाराला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पाघळलाय गं." तेवढ्यानेच माझे डोळे भरून आले.

म्हणून काही गोष्टी नियम म्हणून पाळा आणि त्यांत सवलत घेऊ नका. रात्री माल मैदानावर ठेवायचा नाही. कितीही दमलेल्या असलात, घर कितीही लांब असले, तरी डबे परत न्यायचे, आणि ते शक्य नसेल तर मोकळ्या मैदानावरचा स्टॉल घ्यायचाच नाही. सगळे संच टेबलावर मांडायचे नाहीत. प्रत्येक प्रकारचा एक नमुना बाहेर, बाकी माल पत्र्याच्या किंवा हवाबंद डब्यात. नमुन्याचा संच हा खर्चातच धरायचा, तो विकायचा नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, पण पांढऱ्या. निळ्या रंगाच्या पुड्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि आपला माल लहान मुलांच्या अंगावर जाणारा आहे. गिऱ्हाइकाला डबा देताना पुडी काढून घ्यावी, आत ठेवू नये. दागिना तयार झाल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये. आत उरलेली ओल कोंडून राहते आणि बाहेरच्या दमट हवेइतकेच नुकसान करते. एक दिवस कोरड्या खोलीत उघडे ठेवून मगच तो झाकावा.

फ्रिजचे नाव काढू नये. फ्रिजमधून काढलेल्या थंड दाण्यावर बाहेरची हवा लागताच पाण्याचे बारीक थेंब जमतात. हे मी वेगळे सांगते, कारण गिऱ्हाईक घरी नेऊन नेमके हेच करतात, मिठाई म्हणून. डब्यावर छोटी चिठ्ठी चिकटवा: फ्रिजमध्ये ठेवू नये, देवघरात समईजवळ ठेवू नये, घालायच्या आधी तासभर उघडावा.

पाकाविषयी एक सल्ला सगळीकडून मिळतो, तो म्हणजे साखर पुन्हा दाणेदार होऊ नये म्हणून लिंबू पिळावे. गुलाबजामाच्या पाकाला तो गुण आहे, हलव्याच्या पाकाला अवगुण आहे. लिंबाच्या आंबटपणाने साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि हे मिश्रण साध्या साखरेपेक्षा हवेतली ओल अधिक ओढते. शिवाय आपल्याला साखर दाणेदार व्हायलाच हवी असते, काटा म्हणजे तोच दाणा. बाजारातून तयार हलवा आणणाऱ्यांनी तर आणखी सावध राहावे. त्यात काय घातले आहे हे कळत नाही. पाव किलो आणा, एका बशीत घालून रात्रभर खिडकीत ठेवा, सकाळी हात लावून पाहा आणि मगच पुढची खरेदी करा. ही चाचणी फुकट आहे आणि हिने मला जितके वाचवले आहे तितके कोणत्याही पुस्तकी माहितीने वाचवलेले नाही.

एवढे वाचून घाबरायला झाले असेल तर सांगते, हे सगळे अंगवळणी पडते. दुसऱ्या हंगामापर्यंत डबा उघडतानाच वासावरून आणि दाण्याच्या रंगावरून आत ओल आहे का ते कळू लागते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा किनाऱ्यावरच्या हवेत राहून उत्तम हलव्याचे दागिने करणाऱ्या बायका आहेत. त्या फक्त हवेशी भांडत नाहीत, तिचे वेळापत्रक पाळतात.

आता बांधणीविषयी, आणि येथे माझे मत टोकाचे आहे. मी गरम गोंदाची बंदूक वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नये असे मला वाटते. गोंदाने एका संध्याकाळी संच होतो, हे मान्य. पण गोंदाने दाण्याच्या तळाचा काटा जातो आणि ओल आली की तो दाणा सर्वांत आधी सुटतो. जुनी पद्धत दोऱ्याची आहे. दुहेरी दोऱ्याच्या पिळात दाणा धरायचा, पीळ आवळायचा, गाठ मारायची, मग पुढचा दाणा. काट्यांमुळे दोरा घसरत नाही, काट्याचा खरा उपयोग तेव्हा कळतो. सुईने दाणा टोचायला जाऊ नये, तो दुभंगतो. मंगळसूत्राच्या दोन वाट्या किंवा नथीचा आकडा करताना बोटांना रग लागते, पहिले काही दिवस नखांच्या कडा सोलवटतात. पण असा हार हातात घेतला की त्याला लवचीकपणा असतो, तो गळ्यावर बसतो. गोंदाचा हार पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहतो.

बाळाच्या दागिन्यांत तर हा प्रश्न आवडीनिवडीचा उरत नाही. बोरन्हाणाला बसणारे मूल काही महिन्यांचे असते किंवा दोन-तीन वर्षांचे असते, आणि त्याच्या हाती आलेली वस्तू आधी तोंडात जाते. मुकुट, बासरी, कडी, बाजूबंद, सगळे तोंडात जाते. सुटलेला दाणा घशात अडकू शकतो. गोंद लागलेला दाणा पोटात जाऊ शकतो. म्हणून बाळाच्या संचात प्रत्येक दाणा बांधलेला हवा, ओढून पाहिलेला हवा, तारेचे टोक कोठेही बाहेर नको. तारेऐवजी सुती पट्टीवर बांधणी करावी आणि मागे मऊ नाडी द्यावी. टेबलावर आई-वडील आले की न विचारताही सांगावे की फोटो काढून झाले की दागिने उतरवा, मूल एकटे ठेवू नका. एखादे गिऱ्हाईक यामुळे विचारात पडेल आणि निघून जाईल. जाऊ द्यावे.

शिकवण्या घेणाऱ्यांविषयी लिहू की नको असा विचार केला, पण लिहिते. नोव्हेंबरपासून "एका दिवसात हलव्याचे दागिने" अशा जाहिराती दिसतात. तेथे पुठ्ठा कापणे, बेगड लावणे आणि चिकटवणे शिकवतात, संध्याकाळी तुमच्या हातात एक सुंदर संच असतो आणि त्याचा फोटोही छान येतो. तो संच आठ दिवसांनी कसा दिसतो हे कोणी शिकवत नाही. त्याऐवजी तुमच्या नात्यात, सोसायटीत, जुन्या वाड्यात अशी एखादी बाई शोधा जिने स्वतः हलवा केला आहे, आणि तिच्याजवळ चार सकाळी बसा. अशा बायका बोलून फार शिकवत नाहीत. माझ्या एका मावशींनी पहिल्या दिवशी मला फक्त गाठी मारायला लावल्या, दाणाही हातात दिला नाही. मला तेव्हा ते कंटाळवाणे वाटले, पण आज माझ्या बांधणीत जे काही बरे आहे ते त्या गाठींचे आहे. शुल्क देऊन शिकायचेच असेल तर शिकवणाऱ्या बाईंना गेल्या वर्षीचा एखादा शिल्लक दागिना दाखवायला सांगा.

पंचांग पाहिल्याशिवाय टेबलाचे पैसे भरू नका. संक्रांत १४ जानेवारीला असते असे आपण गृहीत धरतो, पण २०२४ साली ती १५ जानेवारीला होती, २०२५ आणि २०२६ साली १४ ला. हा एका दिवसाचा फरक शनिवार-रविवारच्या प्रदर्शनांना महत्त्वाचा ठरतो. त्याहून मोठा फरक रथसप्तमीचा आहे. हळदीकुंकू आणि बोरन्हाणे रथसप्तमीपर्यंत चालतात, म्हणून आपला हंगामही तेथवर चालतो. २०२४ साली रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती, म्हणजे संक्रांतीनंतर महिनाभर बोरन्हाणांची मागणी राहिली. २०२५ साली ती ४ फेब्रुवारीला होती. २०२६ साली २५ जानेवारीलाच आली आणि संक्रांतीनंतर जेमतेम अकरा दिवस हाती राहिले. रथसप्तमी उशिरा असेल त्या वर्षी बाळांचे संच अधिक करावेत आणि संक्रांतीनंतरच्या प्रदर्शनातही टेबल घ्यावे. लवकर असेल त्या वर्षी नव्या सुनेच्या आणि जावयाच्या संचांवर भर द्यावा आणि संक्रांतीनंतरचे टेबल सोडून द्यावे. रथसप्तमी झाल्यावर हलव्याचा दागिना कोणी विकत घेत नाही, अर्ध्या किमतीतही नाही.

जागा निवडताना मोठ्या नावाच्या मागे लागू नये. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते तशा जत्रांत माणसे फिरायला, खायला, हातच्या वस्तू पाहायला येतात, तेव्हा अनेकांच्या मनात संक्रांत अजून आलेली नसते. अशा ठिकाणी बसण्याची संधी मिळाली तर नमुने मांडावेत आणि ऑर्डरी घ्याव्यात, तयार माल कमी न्यावा. ग्रामीण भागातल्या बचत गटाच्या सदस्य असाल तर राज्य सरकारच्या उमेद अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांची चौकशी करता येते, गटाच्या बैठकीत विषय काढा. पण नवख्या बाईने सुरुवात करावी ती संक्रांतीच्या आधीच्या शनिवार-रविवारी बंद सभागृहात भरणाऱ्या एखाद्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात. तेथे भाडे आवाक्यातले असते, ओल कमी असते आणि येणाऱ्या बायका नेमकी संक्रांतीची खरेदी करायला आलेल्या असतात. टेबल दारापासून आणि खाद्यपदार्थांच्या वाफेपासून दूर मागून घ्या. भजीच्या कढईशेजारचे टेबल फुकट मिळाले तरी घेऊ नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. सुटा हलवा खाण्यासाठी विकणार असाल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी लागते. दागिनेच विकत असाल तर डब्यावर ते खाण्यासाठी नाहीत असे स्पष्ट लिहा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला पैसे देऊ नका.

किमतीच्या बाबतीत आपल्या बायका स्वतःवर फार अन्याय करतात, म्हणून उदाहरणादाखल हिशेब मांडते. समजा, एका संचाला हलवा, दोरा, कलाबतू, पुठ्ठा आणि डबा मिळून २२० रुपयांचे सामान लागले. बांधणीला आठ तास लागले आणि तासाला ७० रुपये धरले, तर ५६० रुपये झाले. दोन दिवसांच्या टेबलाचे भाडे ४,००० रुपये असेल आणि वीस संच विकले जातील असा अंदाज असेल, तर प्रत्येक संचावर २०० रुपये आले. एकूण ९८० रुपये. तुटफूट आणि नमुन्याचा संच यांसाठी दहा टक्के धरले की किंमत साधारण १,१०० रुपयांवर जाते. यात नफा अजून धरलेला नाही, फक्त खर्च आणि तुमची मजुरी आहे. बहुतेक जणी सामानाचे २२० रुपये पाहतात, त्याच्या दुप्पट किंमत लावतात आणि आपण शंभर टक्के नफा मिळवला असे समजतात. आठ तास कोठे गेले हे त्या विचारत नाहीत, कारण ते तास रात्री सगळे झोपल्यावरचे असतात. ते तास तुमचे आहेत. त्यांची किंमत तुम्ही लावली नाही तर दुसरे कोणी लावणार नाही.

शेजारच्या टेबलावर गोंदाचा संच निम्म्या किमतीला असेल. असू द्या. तुमचा हार गिऱ्हाइकाच्या हातात द्या, वाकवून दाखवा, एक दाणा ओढून दाखवा. सगळ्यांना पटणार नाही, ज्यांना पटेल त्या पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन येतील.

आठवणींचा विषय येथे येतो, कारण या टेबलावर कोणी नुसती वस्तू घ्यायला येत नाही. हार हातात घेतला की बायका बोलू लागतात. कोणाच्या आईने हलवा केलेला असतो, कोणाला बोरन्हाणाच्या वेळी डोक्यावर पडलेली बोरे आणि चुरमुरे आठवतात, कोणाच्या घरी पहिल्या संक्रांतीचा कृष्णधवल फोटो असतो आणि त्यात सासूबाईंनी हौसेने केलेला मुकुट असतो. एका आजींनी तसा फोटो पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला आणि नातसुनेसाठी तसाच मुकुट होईल का, असे विचारले. फोटोत मुकुट धूसर होता, पण कडेच्या तीन पाकळ्या स्पष्ट दिसत होत्या, आणि पाकळीच्या टोकाशी एकेक मोठा दाणा होता. माझ्या आजीनेही मुकुटाच्या टोकाला साबुदाण्याचा मोठा दाणा लावलेला मला आठवत होता, आणि तो का लावतात हे मी तिला कधी विचारले नव्हते. त्या आजींनी सांगितले, मुकुट डोक्यावर नीट बसला आहे की नाही हे आरशात त्या टोकांवरून कळते. मी तेव्हापासून तसाच मुकुट करते.

अशी माणसे ऐका, घाई करू नका, त्यांच्यामागे रांग असली तरी. पण त्या मायेच्या भरात किंमत कमी करू नका आणि जमणार नाही अशी ऑर्डर घेऊ नका. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात भावनेपोटी घेतलेली जास्तीची ऑर्डर म्हणजे कोणाच्या तरी सुनेचा अपुरा संच. वहीत तारीख, माप, निम्मी आगाऊ रक्कम आणि देण्याचा दिवस लिहून घ्या, आणि देण्याचा दिवस संक्रांतीच्या निदान तीन दिवस आधीचा ठेवा. जुन्या फोटोवरून काम करायचे असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या, मूळ फोटो कधीही ठेवून घेऊ नका. टेबलावर पाण्याचा पेला सांडतो, गर्दीत वस्तू हरवते, आणि असा फोटो पुन्हा मिळत नाही.

नवे प्रकार करावेत का, असे विचारतात. अवश्य करावेत. जावयासाठी हलव्याचे घड्याळ, बाळासाठी मोरपिसाचा मुकुट, नोकरी करणाऱ्या सुनेसाठी कचेरीतही घालता येईल अशी छोटी कर्णफुले, हे सगळे चालते. मात्र पहिल्या हंगामात एक संच सुनेचा, एक जावयाचा, एक बाळाचा, एवढेच करा आणि ते तीन उत्तम करा. चाळीस प्रकार मांडणारीच्या टेबलावर गर्दी होते, विक्री होतेच असे नाही.

हंगाम संपल्यावर उरलेल्या संचांचे दोरे कापून दाणे वेगळे करावेत. ते पुढच्या वर्षी दागिन्यात वापरू नयेत, वर्षभरात पावसाळा जातो. पुठ्ठ्याचे साचे, कलाबतू आणि चांगल्या राहिलेल्या नाड्या मात्र जपून ठेवाव्यात. फेब्रुवारीतच प्रत्येक साचा कागदावर आखून मापासह वहीत लावावा, कारण दिवाळीनंतर त्याला वेळ मिळत नाही. ज्यांनी सुनेचा संच नेला त्यांची नावे त्याच वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत, वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यापैकी काहींच्या घरी बोरन्हाण असेल.